चांगू जोमा म्हात्र्यांचं मीटर

चांगू जोमा म्हात्रे वारले त्याला एकतीस वर्षं झाली, तरी विजेचं बिल अजून त्यांच्याच नावानं येई. खारदेवळीतल्या त्या दुमजली घरात यावरून एक ठरलेली थट्टा चाले. बिल आलं की निकेतची बायको जागृती ते टीव्हीमागच्या वायरीत खोचून ठेवी आणि म्हणे, "आजोबांचं पत्र आलंय." दिवे गेले की आजोबा रुसले, पंखा फिरायला लागला की आजोबा पावले. मेलेल्या माणसाच्या नावावर घर उजळत होतं आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं. गावातल्या निम्म्या घरांची हीच तऱ्हा होती. नाव बदलायचं म्हणजे पेणला खेटे घालायचे, आणि वीज तर येतेच आहे, मग उगाच डोक्याला ताप कशाला करून घ्यायचा?

या थट्टेचं हसू पहिल्यांदा मावळलं ते निकेतला गाडी मिळाली तेव्हा.

निकेत चाळिशीला टेकला होता. त्यातली बारा वर्षं त्यानं बंदरावर ट्रेलर चालवला होता. कंटेनर उतरेपर्यंत दोन-दोन दिवस रांगेत उभं राहायचं, केबिनमध्येच स्टोव्हवर भात शिजवायचा, आणि टाकीवर नळ सापडला तर आंघोळ. त्याची मुलगी प्राप्ती पहिलं पाऊल टाकत होती तेव्हा हा गुजरातेत कुठल्याशा ढाब्यामागे टायर बदलत होता. ती बोलायला लागली आणि एकदा महिन्याभरानं घरी आलेल्या बापाला 'काका' म्हणाली. सगळे हसले. निकेतही हसला, आणि मग मोरीचं दार लावून घेऊन रडला. त्या दिवसापासून त्याला एकच गोष्ट हवी होती: रोज संध्याकाळी घरी येता येईल असं काम.

ते काम त्याला विनेशनं दिलं. विनेश हा पनवेलचा कंत्राटदार. बेलापूरच्या कंपन्यांतल्या माणसांना घरून उचलायचं, कामावर सोडायचं आणि संध्याकाळी परत आणायचं, हा त्याचा धंदा. कंपन्यांनी फर्मान काढलं की यापुढे गाड्या बॅटरीवरच्याच हव्यात. विनेशनं दहा विजेच्या गाड्या आणल्या, ड्रायव्हर नेमले आणि अट घातली: गाडी तुमच्या घरी राहील, तुमच्या घरीच चार्ज होईल आणि सकाळी साडेसहाला भरलेल्या बॅटरीनं पनवेलला उभी पाहिजे.

"घरी चार्जिंगची सोय हाय ना?" विनेशनं विचारलं होतं.

"हाय ना. अंगणातच लागते गाडी," निकेत म्हणाला होता.

अंगणाची त्याला खात्री होती. विजेचा त्यानं विचारच केला नव्हता. वीज काय, भिंतीत असते.

गाडी आली त्या दिवशी जागृतीनं तिला ओवाळलं, पुढच्या चाकाशी नारळ फोडला. निकेतचा बाप दिनानाथ मोठ्या रुबाबात पुढच्या सीटवर जाऊन बसला. गाडी गावातून फिरली तसा म्हणाला, "आवाजच नाय रं हिचा. बंद पडली का काय?" प्राप्ती मागे बसून शेजारच्या पोरींना हात करत होती. निकेतला वाटलं, मार्गी लागलं एकदाचं सगळं.

त्याच संध्याकाळी त्यानं खिडकीतून वायर आत घेतली आणि गाडी टीव्हीच्या बोर्डाला जोडली. तासाभरात वरच्या मजल्यावरचा पंखा मोजता येईल इतका हळू फिरायला लागला. फ्रीज कण्हायला लागला. सकाळी उठून बघतो तर गाडी निम्मीसुद्धा भरली नव्हती आणि बोर्ड काळा पडला होता. चौथ्या दिवशी मेन स्विचमधून धूर निघाला. वायरमन स्वप्निल आला, त्यानं मीटर बघितलं, गाडी बघितली आणि हात जोडले.

"भाऊ, दोन दिवे न् एक पंखा, एवढ्यासाठी घेतलेलं कनेक्शन हाय हे. तेव्हाचाच भार. त्याच्यावर तुम्ही ही गाडी लावताय म्हणजे करडाला नांगराला जुंपल्यासारखं झालं. लोड वाढवून घ्या. तोवर हात लावू नका, घर पेटवाल."

मग उरलं हायवेवरचं चार्जिंग. एका हॉटेलच्या आवारात दोन मशिनं होती. एकावर पहिल्यापासून प्लास्टिकची पिशवी बांधलेली. दुसरं मर्जीवर चाले. मोबाइल म्हणे मशीन मोकळं आहे, आणि जाऊन बघावं तर चार गाड्या पुढे. कधी केबल लागायची नाही, कधी लागली की सुटायची नाही. शुक्रवार ते रविवार तर विचारूच नका. मुंबईची सगळी हौस अलिबागकडे निघालेली, आणि निम्म्या हौसेला आता विजेची गाडी. निकेत पहाटेच घर सोडायला लागला, संध्याकाळी उशिरा यायला लागला. बारा वर्षं रांगेतून सुटायला धडपडला आणि पुन्हा रांगेतच येऊन उभा राहिला. प्राप्ती त्याला बघायची ती फक्त झोपलेला.

तिसऱ्या आठवड्यात तो दोनदा उशिरा पोचला. एकदा तर पळस्प्याच्या अलीकडे गाडी अशी काही मंदावली की मागची बाई उतरून रिक्षा करून गेली. त्या दुपारी विनेशचा फोन आला. विनेश ओरडला नाही, आणि त्याचीच निकेतला जास्त भीती वाटली.

"निकेतभाई, मलापण वर तोंड दाखवायचं असतं. शुक्रवारी पाचपर्यंत लोड वाढवायचा अर्ज घेतल्याची पावती मोबाइलवर टाक. नुसती पावती. मंजुरी येईल तेव्हा येईल, तोवर मी सांभाळतो. पावती नसेल तर सोमवारी गाडी साहिलला देतो. त्याच्या सोसायटीत पॉइंट हाय."

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, निकेत पेणच्या वीज कार्यालयात गेला. टेबलामागच्या बाई भल्या होत्या. त्यांनी बिल हातात घेतलं आणि म्हणाल्या, "लोड वाढेल की. फक्त अर्जावर ग्राहकाची सही लागेल. चांगू म्हात्र्यांना घेऊन या."

"ते वारले."

"कधी?"

"एकतीस वर्षं झाली."

बाईंनी चष्मा काढून पुसला. "मग आधी मीटर वारसांच्या नावावर करावं लागेल. दोन्ही अर्ज एकदम घेते मी, पाच मिनिटांत पावती देते. घराचा उतारा आणलाय?"

उतारा होता. त्यावर दोन नावं होती: मुलगा दिनानाथ आणि मुलगी ठमी.

"या ठमीबाईंची हरकत नाही असं स्टॅम्पपेपरवर आणा. सही नाहीतर अंगठा. तेवढं आणलंत की काम झालं."

बाईंची काही चूक नव्हती. तरी निकेतच्या तोंडचं पाणी पळालं. ठमी म्हणजे दिनानाथची धाकटी बहीण, किहीमला दिलेली. तिनं म्हात्र्यांच्या घरात पाणी पिणं सोडून तीस वर्षं झाली होती. निकेतच्या लग्नाला आली, मांडवात उभी राहिली, त्याच्या डोक्यावर अक्षता टाकल्या आणि न जेवता गेली. मिठागरावरून काहीतरी वाकडं आलं होतं इतकंच त्याला ठाऊक होतं. ते मिठागरही आता राहिलं नव्हतं, त्यावर गोदामं उभी होती. विचारलं की दिनानाथ म्हणे, "बायकांची डोकी." आणि विषय संपे.

या वेळी मात्र दिनानाथनं नवलच केलं. सगळं ऐकून घेतलं आणि स्वतःहून म्हणाला, "कागदाचा मी बगतो. तुला त्यातला काय कलतं? तू फक्त तिच्याकडं जा. तुजा ऐकंल ती. माजा नाव काडू नको."

बुधवारी म्हातारा पेणला गेला आणि टाइप केलेला स्टॅम्पपेपर प्लास्टिकच्या पिशवीत घालून घेऊन आला. अंगठा उठायच्या आधीच त्यावर नोटरीचा शिक्कासुद्धा मारून आणला होता. निकेतला बापाचं कौतुक वाटलं. सत्तरीच्या माणसानं पोरासाठी उन्हातून इतकं करावं! त्यानं कागद गाडीच्या कप्प्यात ठेवला. वाचला नाही. ड्रायव्हर माणूस, कागद कप्प्यातून निघतो तो पोलिसानं मागितला तरच.

शुक्रवारी सकाळची फेरी संपवून, संध्याकाळची दुसऱ्या ड्रायव्हरवर सोपवून निकेत पनवेलहून परस्पर किहीमला निघाला. बॅटरी अठ्ठावन्न टक्के. किहीम गाठून पेणला परत यायला एवढी पुरेल, जेमतेम. त्यानं एसी बंद केला, काचा खाली केल्या आणि ट्रेलरच्या चालीनं गाडी चालवली. मागचे हॉर्न मारत होते, मारू दे म्हणाला. वडखळला एकेचाळीस. पोयनाडच्या पुढे छत्तीस. साडेबाराला किहीमला पोचला तेव्हा एकतीस.

समुद्राकडच्या वाटेवर नारळीच्या बनात एक नवं रिसॉर्ट होतं, आणि त्याच्या फाटकाच्या आत चार्जिंगचं चकचकीत मशीन. मोकळं. निकेतनं वॉचमनला अर्ध्या तासासाठी विचारलं.

"राहणाऱ्या पाहुण्यांसाठीच आहे साहेब."

"माझी आत्या राहते मागं."

"रिसॉर्टमध्ये राहणाऱ्या," वॉचमन म्हणाला. तोही बिचारा पगारी माणूस.

ठमी रिसॉर्टच्या कुंपणामागे राहत होती. नवरा गेलेला, मुलगे मुंबईला. तीन कॉटेजींना ती तांदळाच्या भाकऱ्या पुरवी. निकेत दारात उभा राहिला तेव्हा ती चुलीपुढे बसून परातीत भाकरी थापत होती. वर बघून तिनं डोळे बारीक केले.

"दिनानाथाचा ना तू? कपालावरून वलखला. बस. पानी घे."

निकेत बसला. पाणी प्याला. इतक्या वर्षांनी बोलायचं काय हे न कळून तो गाडीबद्दल सांगायला लागला, आणि मग थांबेचना. ट्रेलर, रांगा, प्राप्तीनं 'काका' म्हटलेलं, मोरीत जाऊन रडलेलं, सगळं सांगून बसला. ते मोरीतलं तर त्यानं जागृतीलाही कधी सांगितलं नव्हतं. ठमी ऐकत होती, तिचे हात चालू होते.

"कितवीला हाय पोरगी?"

"दुसरीला. वाचते आता चांगलं."

"वाचते? बरा झाला," ठमी म्हणाली. तिला खरंच बरं वाटलेलं दिसलं. "बोल. कशाला आयलास?"

"आत्या, मीटर बाबांच्या नावावर करायचंय. तुझा अंगठा पाहिजे."

ठमीचे हात थांबले. तव्यावरची भाकरी करपायला लागली तरी ती उलटेना.

"मीटरसाटी," ती म्हणाली. "असा सांग म्हनून बोलला का तुजा बापूस?"

"नाही गं, खरंच मीटर. हे बघ." निकेतनं खिशातून बिल काढून तिच्यापुढे धरलं.

"मना काय दावतोस? नाव कोनाचा हाय त्याच्यावर?"

"आजोबांचं. चांगू जोमा म्हात्रे."

"माज्या बापाचा? अजून?"

"अजून."

ठमीनं भाकरी उलटली. मग हसली, पण ते हसू काही बघवलं नाही.

"बाबा गेले त्या साली दादूस मना येश्टीनं पेनला घेऊन गेला. बोलला, मीटर नावावर करायचा हाय, तुजा आंगठा पायजे. मी बोलले, वाचून दाव. कचेरीच्या पायरीवर बसून वाचलान. घर, मीटर, लाइट, सगला वाचलान. मी दिला आंगठा. भजी चारलान मना. दुसऱ्या वर्सी पयला मीठ निगाला तवा मी टोपली घेऊन मिठागरावर गेले. आमच्यात घरच्या लेकीला पयल्या मिठाची टोपली भरून देतात, तुला ठाव नसंल. मुकादम बोलला, बाय, तुमचा हितं काय रायला नाय, तुमी आंगठा दिलाव. रिकामी टोपली घेऊन आयले मी. कागदावरची मिठागराची ओल तेवरी वाचताना गिललान माज्या भावानं."

निकेतच्या हातात बिल तसंच होतं. ते धरून ठेवायची त्याला लाज वाटली. आणि लाजेच्या मागोमाग चीडही आली, कारण बापानं तेव्हा जे सांगितलं ते निदान केलं तरी असतं, मीटर खरोखर नावावर केलं असतं, तर आज त्याला या दारात यावंच लागलं नसतं. बहिणीला फसवायला मीटर वापरलं आणि मग मीटरचं काम तेवढं करायचं विसरला.

"आत्या, मी तसा नाही," तो म्हणाला.

"रेशनच्या मशिनीला माजा आंगठा लागत नाय, भाकऱ्या थापून रेगा गेल्या म्हनतात. तुमच्या कागदाला बरा लागतो." तिनं तवा उतरवून बाजूला ठेवला. "तुजी पोरगी वाचते ना? तू पन वाचतोस. वाच."

निकेतनं पिशवीतून कागद काढला आणि वाचायला लागला. "मी, ठमी हसुराम घरत, राहणार किहीम, लिहून देते की, मौजे खारदेवळी येथील माझे वडील कैलासवासी चांगू जोमा म्हात्रे यांच्या घरातील विजेचे मीटर माझे भाऊ दिनानाथ यांचे नावे करण्यास व वीजभार वाढवून देण्यास माझी कोणतीही हरकत नाही."

आणि त्याची नजर पुढच्या ओळीवर गेली. तसेच सदर घर व घराखालील जागा यांत माझा कोणताही हक्क राहिलेला नाही व यापुढे तो मी अगर माझे वारस सांगणार नाही.

भिंतीवरच्या घड्याळात सव्वा वाजला होता. कार्यालय पाचपर्यंत. बाई म्हणाल्या होत्या, पाच मिनिटांत पावती. एवढा अंगठा उठला की सोमवारी गाडी त्याचीच होती. त्याला रांगेतला ट्रेलर दिसला, केबिनमधला स्टोव्ह दिसला.

"थांबलास का?" ठमीनं विचारलं.

"नाही. झालं. एवढंच आहे."

शब्द तोंडातून गेले आणि मग त्याचे त्यालाच ऐकू आले.

ठमीनं हात पुढे केला. "दाव."

कागद हातात घेऊन तिनं तो उजेडाकडे धरला, आणि पिठानं भरलेलं बोट वरपासून एकेका ओळीखालून फिरवत नेलं. मधेच थांबली.

"मना वाचता येत नाय, पन तवापासून मोजता येतं. तू बोललास तवरा हितपरेंत झाला. ह्यो खालचा कोनाचा हाय?"

निकेत हातातल्या बिलाची घडी घालत राहिला.

"वाच."

त्यानं ती ओळ वाचली. वाचताना मान वर केली नाही.

"मला माहीत नव्हतं आत्या. प्राप्तीची शपथ."

"ठाव हाय. तुजा तोंड बगत व्हते मी वाचताना. तुला ठाव नव्हता." ठमीचा आवाज चढला नव्हता. "पन ठाव झाल्यावर गिललास ना? सरल वाचला असतास तं मी बोलले असते, तेवरी ओल खोड न् घे आंगठा. त्या पोरीसाटी दिला असता. तवा उतरवला तो काय उगाच? आंगठा द्यायलाच उतरवला व्हता."

निकेतनं खिशातून पेन काढलं. "खोडतो. आत्ता खोडतो, तुझ्यासमोर. नाहीतर दुसरा लिहून आणतो, नुसता मीटरचा."

"आन. वाचून कोन दावनार?"

'मी' म्हणायला त्यानं तोंड उघडलं. शब्द बाहेर आला नाही. ठमीनं थोडी वाट बघितली, खरंच बघितली, आणि मग कागद त्याच्या हातात परत दिला.

"जेव. उपाशी नाय पाठवनार तुला."

तिनं ताटलीत भाकरी आणि बांगड्याचं कालवण वाढलं. निकेतनं दोन घास खाल्ले, तिसरा गिळेना. निघताना तिनं चार भाकऱ्या वर्तमानपत्रात गुंडाळून दिल्या. "पोरीला दे. किहीमच्या आजीनं दिल्यात बोल."

परतीच्या वाटेवर त्याला पेणला जायची घाई राहिली नव्हती. हायवेच्या हॉटेलपाशी आला तेव्हा बारा टक्के होते आणि मशिनापुढे अकरा गाड्या. एका गाडीतली मुलं टपावर बांधलेला रबरी हत्ती सोडवू बघत होती. पाच वाजून दहा मिनिटांनी विनेशचा मेसेज आला, नुसतं प्रश्नचिन्ह. निकेतनं लिहिलं, 'नाही झालं.' विनेशनं हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

रांगेतून गाडी काढून तो तशीच घरी घेऊन आला. दिनानाथ ओट्यावर बसला होता.

"दिलान आंगठा?"

निकेतनं कागद त्याच्या मांडीवर ठेवला. त्या खालच्या ओळीवर पिठाचं बोट उठलं होतं.

"ती ओळ कशाला घातलीस?"

"तुज्यासाटीच ना. उद्या तिची पोरा हितं उबी रायली तं कुटं जाशील?"

"आणि मिठागराची?"

म्हातारा थोडा वेळ अंगणातल्या गाडीकडे बघत राहिला. "ती पन तुज्यासाटीच," तो म्हणाला. त्याला ते मनापासून वाटत होतं, आणि तेच निकेतला सोसवलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्याला बापाला मारावंसं वाटलं. मारलं नाही. मारायचं तर कुणाला? दुपारी त्या चुलीपुढे जो बसला होता तोही याच घरचा होता.

"आणि मीटर का नाही केलंस तेव्हा नावावर?"

"मीटरचा काय? लाइट तं येतच व्हता," दिनानाथ म्हणाला.

रविवारी सकाळी साहिल गाडी न्यायला आला. एका टक्क्यावर गाडी गावच्या कमानीपर्यंत गेली आणि उभी राहिली. शेवटी विटांचा एक डिझेल टेम्पो बोलावून तिला मागे बांधली. जागृती ओट्यावर उभी होती. महिन्यापूर्वी जिनं त्या गाडीला ओवाळलं होतं, तिनं आत जाऊन दार लोटून घेतलं. प्राप्ती मात्र टेम्पो दिसेनासा होईपर्यंत कमानीपाशी थांबली होती.

निकेत पुन्हा ट्रेलरवर गेला. पुढच्या महिन्यात एका दुपारी तो बंदराबाहेर रांगेत उभा होता, कालपासून. घरून फोन आला. प्राप्ती होती.

"बाबा, आजोबांचं पत्र आलंय. आई बोलली तूच वाचून दाखव बाबाला."

"वाच."

तिनं वाचलं. ग्राहकाचं नाव, चांगू जोमा म्हात्रे. घर नंबर, गाव, तालुका, मागचं रीडिंग, आताचं रीडिंग. अडखळत, एकेक अक्षर लावत, पण वाचलं.

"झालं?" निकेतनं विचारलं.

"झालं."

"खाली बारीक अक्षरांत काही असेल बघ. सोडलं नाहीस ना काही?"

पलीकडे जरा थांबल्यासारखं वाटलं. मागून शेजारच्या पोरी तिला खेळायला हाका मारत होत्या.

"नाय रे बाबा," प्राप्ती म्हणाली. "एवढंच आहे."

निकेतनं फोन कानाला तसाच धरून ठेवला. ती केव्हाच पळाली होती. पुढचा ट्रेलर अजून जागचा हलला नव्हता.